विश्लेषण : किल्ल्यातले इंग्रजी पुस्तक मोबाइलवर सरळ दिसते, मग नेवाशाची ओवी का तुटते?

अहिल्यानगर जिल्ह्यात लिहिले गेलेले दोन ग्रंथ आज जगभर मोबाइलवर वाचले जातात. पहिला ज्ञानेश्वरी. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवासे येथे ती पूर्ण झाली. दुसरा पंडित जवाहरलाल नेहरू यांचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’. नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदिवासात असताना १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी तो लिहिला. यातला इंग्रजी ग्रंथ स्वस्त मोबाइल, महागडा टॅब किंवा किंडल अशा कशावरही उघडला, तरी अक्षरे जागच्या जागी असतात. मराठी ग्रंथाची तशी खात्री देता येत नाही. एका यंत्रावर ओवी नीट दिसते, दुसऱ्यावर तिचे चरण भलतीकडे तुटतात, तिसऱ्यावर जोडाक्षरे सुटी होतात आणि चौथ्यावर फाइल उघडतच नाही. पुस्तक तेच, मग हा फरक येतो कुठून? पैसे मोजण्याआधी किंवा फाइल डाउनलोड करण्याआधी वाचकाने काय पाहावे?

फरक नेमका कुठे पडतो?

छापील पुस्तकाचे पान छापखान्यात एकदाच ठरते. ई-पुस्तकाचे पान मात्र वाचकाच्या हातात, त्या क्षणी तयार होते. त्यात तीन गोष्टींचा हात असतो. पहिली म्हणजे फाइल. ती पीडीएफ, ईपब किंवा किंडलच्या स्वतःच्या स्वरूपात असते. दुसरी म्हणजे ती फाइल उघडणारे सॉफ्टवेअर किंवा ॲप. तिसरी म्हणजे यंत्र. त्याच्या पडद्याचा आकार, त्यात आधीपासून असलेले फॉन्ट आणि त्याची कार्यप्रणाली. तिन्हींपैकी एक कडी कच्ची असली, तरी पान बिघडते. ‘माझ्या मोबाइलवर मराठी पुस्तक नीट दिसत नाही’ अशी तक्रार करताना दोष बहुधा मोबाइलला दिला जातो. प्रत्यक्षात तो अनेकदा फाइलचा किंवा ॲपचा असतो. तेच ॲप बदलले, किंवा त्याच पुस्तकाची दुसरी फाइल मिळवली, की त्याच मोबाइलवर अक्षर सुधारते.

पीडीएफ आणि ईपब यांत फरक काय?

मराठीत सर्वाधिक फिरणारे ई-पुस्तक म्हणजे पीडीएफ. अडोबी कंपनीने १९९३ मध्ये हे स्वरूप आणले, ते कागदाचे पान जसेच्या तसे टिकवण्यासाठी. छापखान्यात पाठवायला ते उत्तम. वाचायला मात्र पडदा कागदाएवढा असावा लागतो. हिशेब सोपा आहे. मराठी कादंबऱ्यांच्या नेहमीच्या डेमी आकाराच्या पानाची रुंदी सुमारे १४ सेंटिमीटर असते, तर साडेसहा इंची मोबाइल उभा धरला की पडद्याची रुंदी जेमतेम ७ सेंटिमीटर भरते. म्हणजे पान निम्मे होते आणि १२ पॉइंटचे अक्षर ६ पॉइंटचे. ए-फोर आकाराच्या नोट्स असतील, तर तेच अक्षर ४ पॉइंटवर येते. औषधाच्या वेष्टनावरील मजकूर वाचण्यासारखाच हा प्रकार. मग बोटांनी पान मोठे करायचे, ओळीच्या टोकापर्यंत सरकवायचे, पुन्हा मागे आणायचे. दोनशे पानांच्या पुस्तकात हे हजारो वेळा करावे लागते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी बहुतेक मुले नेमक्या अशाच पीडीएफ मोबाइलवर वाचतात.

ईपबची रचना उलट आहे. ते मुळात वेबपानांचे गाठोडे असते. त्यात मजकूर असतो, परिच्छेद कुठे संपतो आणि शीर्षक कोणते याच्या खुणा असतात, पण पानाची रुंदी ठरलेली नसते. पडद्याच्या मापाने मजकूर आपोआप वाहतो. अक्षर मोठे केले की ओळी नव्याने बसतात आणि पाने वाढतात. चाळिशी ओलांडलेल्या वाचकाला चष्म्याइतकाच उपयोग या सोयीचा होतो. शिवाय फाइल हलकी राहते. मजकुराचे ईपब बहुधा एक-दोन एमबीत मावते, तर स्कॅन केलेल्या तेवढ्याच पानांची पीडीएफ कित्येक पट जड होते. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यासारख्या, नेटवर्क येते-जाते अशा भागात हा फरक लगेच जाणवतो.

ईपबचा एक तोटाही लक्षात ठेवायला हवा. त्यात पानाचा क्रमांक स्थिर नसतो. ‘पान ५२ उघडा’ असे वर्गात किंवा वाचन मंडळात सांगितले, तर प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळा मजकूर निघेल. तिथे प्रकरण आणि परिच्छेद सांगावा लागतो. ज्ञानेश्वरीच्या वाचकांना याची अडचण नाही, कारण अध्याय आणि ओवीचा क्रमांक ही सोय आपल्या परंपरेत आधीपासून आहे.

देवनागरी अक्षरे का मोडतात?

इंग्रजी लिपीत अक्षरे एकामागून एक ठेवली की शब्द होतो. देवनागरीत तसे नाही. जिल्ह्यातल्याच एका नावाचे उदाहरण घेऊ : शिर्डी. संगणकात हा शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. आधी श, मग पहिली वेलांटी, मग र, हलंताची खूण, ड आणि शेवटी दुसरी वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी श च्या डावीकडे न्यावी लागते आणि र चा रफार होऊन तो ‘डी’च्या डोक्यावर बसवावा लागतो. ही उलटापालट फॉन्टमधील नियम आणि सॉफ्टवेअरमधील अक्षर जुळवणारा भाग मिळून करतात. हा भाग नसला किंवा अर्धवट असला, तर वेलांटी उजवीकडे पडते, पाय मोडलेला र सुटा दिसतो आणि शिर्डी ओळखू येत नाही. मुख्य प्रवाहातील आजच्या मोबाइल प्रणाली हे काम व्यवस्थित करतात. मात्र काही वाचन ॲप्स प्रणालीवर विसंबून न राहता स्वतःचीच अक्षरजुळणी वापरतात आणि नेमकी तिथे गडबड होते. म्हणूनच त्याच मोबाइलवर संदेश नीट दिसतात, पण पुस्तक मोडते.

मराठीच्या काही गरजा तर हिंदीपेक्षाही वेगळ्या आहेत. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरात ‘दऱ्या’ आहेत. या शब्दातला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एक प्रकार नुक्ता असलेल्या ऱ चा. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारी जोडखूण. काही सॉफ्टवेअर फाइल ‘स्वच्छ’ करताना ही न दिसणारी खूण काढून टाकतात. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगराच्या जागी समुद्र येतो. ‘आचाऱ्याला’ बोलावले असेल, तर ‘आचार्याला’ निरोप जातो. वाक्य शुद्धच दिसत असल्याने ही चूक शुद्धलेखन तपासणाऱ्याच्या नजरेलाही सहज सापडत नाही.

‘ॲप’ या शब्दातील पहिले अक्षरही असेच आहे. ते किमान तीन प्रकारे टंकित होते. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधीच्या फाइलींत अ वर चंद्र ठेवलेला असतो किंवा ऍ हे हिंदीतील अक्षर वापरलेले असते. डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही, शोधयंत्राला मात्र ते तीन वेगळे शब्द वाटतात. पुस्तकात शब्द शोधला आणि तो ‘नाही’ असे उत्तर आले, तर कारण हेच असू शकते. तसेच ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, पण ‘हा मजकूर मराठी आहे’ अशी नोंद फाइलमध्ये केलेली असेल आणि ॲपने ती वाचली, तरच मराठी वळण पडद्यावर येते.

जुन्या पुस्तकांची गोष्ट आणखी निराळी. युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह १९९१ मध्ये आली, तरी मराठी प्रकाशन व्यवसायात श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांतील जुने फॉन्ट पुढेही बरीच वर्षे वापरात राहिले. त्या फॉन्टांत मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. अशा फाइलीची पीडीएफ डोळ्यांना सुबक दिसते. पण त्यातला परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला, की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी हाती येते. तिथे शोध चालत नाही, शब्दकोश चालत नाही आणि मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही चालत नाही.

मग ओवी का तुटते?

गद्य वाहते तेव्हा बिघडत नाही. नगर आणि राहुरी या दोन्ही ठिकाणी वास्तव्य केलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मोबाइलच्या अरुंद पडद्यावर वाचताना ओळ कुठेही मोडली, तरी अर्थाला धक्का लागत नाही. पद्याचे तसे नाही. ओवीला चार चरण असतात, पहिल्या तिन्हींचे यमक जुळते आणि चौथा सहसा आखूड असतो. ओळ कुठे संपते, हा तिथे मजकुराचाच भाग आहे.

मोबाइलवर अक्षर मोठे केले की लांब ओळ पडद्यात मावत नाही आणि उरलेले दोन शब्द खाली येतात. वाचणाऱ्याला तो नवा चरण वाटतो. यावर उपाय आहे. दुमडलेला भाग थोडा आत सरकवून दाखवायचा, म्हणजे तो मागच्याच ओळीचा आहे हे कळते. ओवीच्या शेवटचे दुहेरी दंड आणि क्रमांक एकटेच खालच्या ओळीत पडू नयेत, यासाठी शेवटच्या शब्दाशी ते न तुटणाऱ्या जागेने बांधायचे. ही दोन्ही कामे फाइल तयार करणाऱ्याची आहेत आणि ईपबमध्ये ती सहज करता येतात. घाईने तयार केलेल्या फाइलींत ती केलेली नसतात. काही ॲप्स तर फाइलमधील मांडणी बाजूला सारून स्वतःची मांडणी लादतात आणि दोन्ही कडा सरळ करण्याच्या नादात शब्दांमध्ये मोठी भगदाडे पाडतात. मराठीतले लांब सामासिक शब्द ओळीच्या शेवटी तोडण्याची सोय बहुतेक ॲप्समध्ये नसल्याने अरुंद पडद्यावर ही भगदाडे जास्त दिसतात. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘प्रकाशकाची मांडणी’ आणि ‘डावीकडून सरळ’ असे पर्याय असतील, तर पद्य वाचताना ते निवडावेत.

सुमारे नऊ हजार ओव्यांच्या ग्रंथात ओवी क्रमांकाने सापडणेही महत्त्वाचे असते. चांगल्या फाइलमध्ये अठरा अध्यायांची अनुक्रमणिका असते आणि अध्यायावर बोट ठेवताच तो उघडतो. नुसत्या स्कॅनमध्ये तेराव्या अध्यायापर्यंत पोहोचायला शेकडो पाने सरकवावी लागतात.

कोणत्या यंत्रावर काय मिळते?

अँड्रॉइड मोबाइल : ॲप्सची निवड इथे सर्वाधिक. गुगल प्ले बुक्समध्ये विकत घेतलेल्या पुस्तकांबरोबर स्वतःकडील ईपब आणि पीडीएफ फाइलही चढवता येते आणि ती त्याच खात्यावर दुसऱ्या यंत्रातही दिसते. रीडएरा, मून प्लस रीडर, एफबीरीडर यांसारखी ॲप्स मोबाइलमध्येच साठवलेली फाइल थेट उघडतात. फॉन्ट, ओळींतील अंतर आणि समास बदलण्याची मुभा प्रत्येकात कमी-जास्त आहे. एका ॲपमध्ये जोडाक्षरे मोडली, तर तीच फाइल दुसऱ्यात उघडून पाहणे हा पहिला उपाय. बुकगंगासारख्या विक्रेत्याकडून घेतलेले ई-पुस्तक मात्र त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचायचे असते.

आयफोन आणि आयपॅड : ॲपल बुक्स हे ॲप आधीपासूनच असते. ते ईपब आणि पीडीएफ दोन्ही उघडते आणि देवनागरी सुबक दाखवते. पण हे ॲप अँड्रॉइडवर मिळत नाही. घरात एकाकडे आयफोन आणि इतरांकडे अँड्रॉइड असेल, तर त्यातल्या खुणा आणि टिपा एकाच फोनपुरत्या राहतात.

किंडल : याचा पडदा मोबाइलसारखा प्रकाश फेकत नाही. त्यात काळ्या-पांढऱ्या कणांच्या सूक्ष्म कुप्या असतात. विजेच्या भाराने कण वर-खाली होतात आणि अक्षर उमटते. पान बदलतानाच मुख्यतः वीज लागत असल्याने एका चार्जवर ते अनेक दिवस चालते आणि उन्हातही वाचता येते. ॲमेझॉनने भारतीय भाषांतील पुस्तकांचे दालन डिसेंबर २०१६ मध्ये उघडले. मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम या पाच भाषा त्यात होत्या. त्याआधीच्या जुन्या यंत्रांवर देवनागरी नीट दिसेलच असे नाही. हाताला जुने किंडल स्वस्तात मिळत असेल, तर आधी मराठी पान उघडून पाहावे. किंडल ईपब थेट उघडत नाही. २०२२ पासून ‘सेंड टू किंडल’ या सेवेने ईपब पाठवले, की ते किंडलच्या स्वरूपात बदलून यंत्रावर येते. सहा इंची किंडलच्या पडद्याची रुंदी जेमतेम ९ सेंटिमीटर असल्याने पीडीएफ वाचण्याचा त्रास इथेही आहे, आणि पान मोठे करून सरकवणे या संथ पडद्यावर मोबाइलपेक्षा अवघड जाते.

अँड्रॉइडवर चालणारी ई-शाई यंत्रे : पडदा किंडलसारखा आणि ॲप्स मोबाइलची, असा हा प्रकार. ॲप आपल्या पसंतीचे निवडता येते, मात्र किंमत जास्त असते.

टॅब : दहा इंची टॅब उभा धरला, की पडद्याची रुंदी डेमी पानाच्या जवळपास येते. बालभारतीची मोठ्या आकाराची पाठ्यपुस्तके आणि स्कॅन केलेली जुनी पुस्तके यासाठी हेच यंत्र योग्य. टॅब नसेल, तर मोबाइल आडवा धरून पाहावा. रुंदी दुप्पट होते, डेमी पानाचे अक्षर जवळपास मूळ आकाराचे दिसते आणि फक्त खाली सरकवावे लागते. कडेची कोरी जागा कापण्याची सोय ॲपमध्ये असेल, तर आणखी बरे.

एका यंत्रातले पुस्तक दुसऱ्यात का जात नाही?

याचे मूळ २००७ या वर्षात आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ईपब हे सर्वांसाठी खुले मानक ठरले आणि नोव्हेंबरमध्ये किंडल बाजारात आले. किंडलने ईपब न घेता मोबीपॉकेट या फ्रेंच कंपनीचे स्वरूप पुढे नेले. ही कंपनी ॲमेझॉनने २००५ मध्ये विकत घेतली होती. तेव्हापासून जग दोन गटांत विभागले गेले. त्यावर डिजिटल कुलपाची भर पडली. विकत घेतलेले पुस्तक त्या दुकानाच्या ॲपखेरीज उघडू नये, अशी ती व्यवस्था असते. ती चोरी रोखण्यासाठी आहे, पण प्रामाणिक ग्राहकालाही ती एका दुकानाशी बांधून ठेवते.

दुकान बंद झाले तर काय होते, याचे उदाहरण भारतातच आहे. फ्लिपकार्टने नोव्हेंबर २०१२ मध्ये ई-पुस्तकांची विक्री सुरू केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये ती बंद केली. ग्राहकांची पुस्तके कोबो या दुसऱ्या कंपनीकडे हलवण्याची सोय तेव्हा करण्यात आली. मायक्रोसॉफ्टने जुलै २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दालन मिटवले, तेव्हा वाचकांच्या यंत्रांतील पुस्तके गेली आणि पैसे परत मिळाले. जुलै २००९ मध्ये तर ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून दूरवरूनच पुसली होती. त्यातले एक होते ‘१९८४’. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतलेले पुस्तक संकणकावर उतरवून तारेने किंडलमध्ये टाकण्याची सोयही बंद केली.

यंत्रांच्या बाबतीतही भारतीय वाचकाने चढउतार पाहिले आहेत. ‘विंक’ आणि इन्फीबीमचे ‘पाय’ ही वाचनयंत्रे २०१० मध्ये भारतीय भाषांची जाहिरात करत आली. पुढे ती बाजारातून दिसेनाशी झाली. यंत्र आणि दुकान जाते. फाइल खुल्या स्वरूपात आणि आपल्या ताब्यात असेल तरच पुस्तक उरते. कुलूपबंद ई-पुस्तकाच्या बाबतीत वाचक बहुधा पुस्तकाचा मालक नसतो, त्याच्याकडे केवळ वाचण्याचा परवाना असतो. कपाटातले पुस्तक शेजाऱ्याला देता येते किंवा नातवासाठी ठेवता येते. परवान्याचे तसे होत नाही.

ज्यांना अक्षर दिसत नाही, त्यांचे काय?

सॉफ्टवेअरमधला फरक सर्वाधिक महाग पडतो तो दृष्टिहीन वाचकांना. मोबाइलमधील बोलणारे सॉफ्टवेअर आता मराठीत वाचून दाखवते, गुगलच्या वाचकयंत्रणेत मराठी आवाज आहे. पण त्यासाठी फाइलमध्ये खरा युनिकोड मजकूर असावा लागतो. स्कॅन केलेले पान हे सॉफ्टवेअरच्या दृष्टीने नुसते चित्र असते, आणि जुन्या फॉन्टमधील पीडीएफ म्हणजे निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग. डोळस वाचक या दोन्ही फाइली कशाबशा वाचतो. दृष्टिहीनाला ते पुस्तक बंदच राहते.

कायदा या वाचकांच्या बाजूने आहे. प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार दिव्यांगांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक बदलून देण्याची मुभा आहे. अशा पुस्तकांच्या आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीसाठी झालेल्या मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सभासदांना भारतीय भाषांतील पुस्तके सुलभ स्वरूपात देते. दृष्टिहीन विद्यार्थी असलेल्या घराने आणि शाळेने तिथे नोंदणी करून घ्यायला हवी.

अधिकृत आणि मोफत मराठी पुस्तके कुठे मिळतात?

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी भारतात पुस्तक प्रताधिकारमुक्त होते. लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये गेल्या, साने गुरुजी १९५० मध्ये. दोघांचे साहित्य केव्हाच मुक्त झाले आहे. नेहरूंचे १९६४ मध्ये निधन झाल्याने किल्ल्यात लिहिलेला त्यांचा मूळ इंग्रजी ग्रंथ १ जानेवारी २०२५ पासून या यादीत आला. अशा पुस्तकाची ई-आवृत्ती कोणीही काढू शकतो, म्हणूनच तिचा दर्जा तपासावा लागतो.

मराठी विकिस्रोतवरील मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि तो ईपब तसेच पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाची अनेक प्रकाशने पीडीएफमध्ये आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीवर मोफत मिळतात. ई साहित्य प्रतिष्ठान नव्या-जुन्या लेखकांची पुस्तके परवानगीने विनामूल्य देते. मराठी विश्वकोशही ऑनलाइन वाचता येतो. समाजमाध्यमांवरील गटांतून फिरणाऱ्या चालू लेखकांच्या पीडीएफ मात्र बहुधा चोरीच्या असतात. त्यात पाने गहाळ असणे, मजकूर अर्धवट असणे हे नेहमीचेच.

वाचकाने आधी काय तपासावे?

पाच मिनिटांत होणारी ही चाचणी आहे. बहुतेक दुकाने पहिले प्रकरण फुकट दाखवतात, त्यावरच ती करावी.

१. शिर्डी, कर्जत, पाथर्डी, श्रीगोंदा यांसारखे रफार आणि जोडाक्षरांचे शब्द पाहा. वेलांटी आणि रफार जागेवर आहेत का? ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द सापडले, तर त्यातला अर्धा र नीट आहे का?

२. अक्षर मोठे करा. ओळी नव्याने बसल्या तर मजकूर वाहणारा आहे. पानच मोठे होऊन कडेला गेले, तर ती पीडीएफ आहे.

३. डोळ्यांसमोर असलेला एक शब्द शोधा. तो सापडला नाही, तर मजकूर चित्ररूप किंवा जुन्या फॉन्टमधला आहे.

४. एक ओळ उचलून संदेशात चिकटवून पाहा. कुलूपबंद पुस्तकात ही सोय बंद असू शकते. पण चिकटवल्यावर चिन्हांची खिचडी आली, तर पुढे शब्दकोश आणि वाचून दाखवणारा आवाज दोन्ही चालणार नाहीत.

५. इंटरनेट बंद करून पुस्तक उघडा. पुस्तक खरोखर यंत्रात उतरले आहे की नाही, ते लगेच कळते.

६. हे पुस्तक दुसऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये उघडेल का, हे विकत घेण्याआधी वाचा. उत्तर ‘नाही’ असेल, तर जपून ठेवायचे पुस्तक छापील घेतलेले बरे.

प्रकाशक आणि ग्रंथालयांनी काय करावे?

नगरला १८३८ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा वाचनालयाची परंपरा आहे आणि गावोगावी शासनमान्य ग्रंथालये आहेत. तिथे येणारा तरुण वाचक मोबाइल घेऊनच येतो. कोणते ॲप घ्यावे, फाइल कशी उघडावी, अधिकृत पुस्तक कुठून उतरवावे, हे दाखवण्यासाठी ग्रंथपालाला फारसा खर्च येणार नाही. वर दिलेली चाचणी भिंतीवर लावली तरी काम होईल. प्रकाशकांसाठी सूचना तीनच आहेत. मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा, फाइलमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी आणि प्रकाशित करण्याआधी ती किमान एका अँड्रॉइड मोबाइलवर, एका आयफोनवर आणि एका किंडलवर उघडून पाहावी.

प्रतींमधला फरक मराठी वाचकाला नवा नाही. ज्ञानेश्वरी हाताने नकलून घेतली जात असताना लेखनिकांच्या चुका साचत गेल्या. तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये संत एकनाथांनी पैठणला प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. आजच्या चुका लेखनिकाच्या नाहीत, फॉन्टच्या आणि ॲपच्या आहेत, आणि फाइल एकदा नीट केली की ती लाखो हातांत नीटच पोहोचते. त्यासाठी वाचकाने मात्र मोडलेले अक्षर मुकाट्याने वाचू नये. ॲपमध्ये आणि दुकानात चूक कळवण्याची सोय असते. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झालेला दिसला, तर ती वापरावी.